ए८६ की मॅझम? डॉससाठीच्या असेंब्लरची निवड

डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळात असेंब्ली भाषेत, म्हणजे प्रोसेसरच्या आज्ञा जवळपास जशाच्या तशा मांडणाऱ्या भाषेत, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढे दोन ठळक पर्याय होते: एरिक आयझॅक्सन यांचा शेअरवेअर (आधी वापरा, मग पैसे भरा) असेंब्लर, म्हणजे असेंब्लीतील मजकूर यंत्रभाषेत बदलणारा प्रोग्रॅम, ए८६ आणि मायक्रोसॉफ्टचा विकतचा मॅझम. जुन्या संगणकांवर किंवा एम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) काम करणाऱ्यांना ही निवड आजही करावी लागते.

ए८६ ची खरी ताकद त्याच्या साधेपणात आहे. सेगमेंट आणि अझ्यूम (मेमरीचे भाग ठरवणाऱ्या सूचना) यांची पूर्वतयारी न करता त्यात थेट आज्ञा लिहिता येतात, लिंकरची (तुकडे जोडून पूर्ण प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाची) पायरी टाळून सरळ कॉम फाइल, म्हणजे डॉसवर थेट चालणारी फाइल, तयार होते आणि चूक झाल्यास तिचा संदेश मूळ प्रोग्रॅममध्येच त्या जागी उमटतो. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही. आधी वापरून पाहावे आणि उपयोगी वाटल्यास नोंदणी शुल्क भरावे, हा व्यवहारही मला अत्यंत न्याय्य वाटतो. मात्र ३२-बिट आज्ञा हाताळणारा ए३८६ नोंदणी केलेल्यांसाठीच राखून ठेवलेला होता.

मॅझमसाठी पैसे आधीच मोजावे लागत, पण त्यासोबत छापील पुस्तिका आणि कोडव्ह्यू हा डीबगर (प्रोग्रॅममधील चुका शोधण्याचे साधन) मिळे. १९९१ च्या ६.० आवृत्तीपासून इन्व्होकसारख्या सूचनांमुळे सी भाषेतील फंक्शन बोलावणे सुकर झाले. सी भाषेतील भागांशी जोडण्यासाठी लागणारी ऑब्जेक्ट फाइल (लिंकरने जोडायचा तुकडा) ए८६ सुद्धा बनवतो. परंतु त्याची मॅक्रोंची (एका नावाने पुन्हा पुन्हा वापरायच्या आज्ञांच्या गटांची) रचना वेगळी असल्याने मॅझमसाठी लिहिलेले जुने मॅक्रो त्यात जसेच्या तसे चालत नाहीत. म्हणून अनेकांनी मिळून सी आणि असेंब्लीत करायच्या मोठ्या प्रकल्पासाठी मी मॅझमच निवडेन.