कीडाजडी घ्यावी की बरणीतली कॉर्डिसेप्स?

कॉर्डिसेप्स म्हणजे अळ्यांवर वाढणारी, औषधी म्हणून विकली जाणारी बुरशी. दुकानात दोन्हींवर 'कॉर्डिसेप्स' एवढंच लिहिलेलं असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. एक हिमालयातली कीडाजडी, म्हणजे ऑफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस. दुसरी नारिंगी रंगाची कॉर्डिसेप्स मिलिटारिस. 2007 मध्ये शास्त्रज्ञांनी दोघींची कुळंच वेगळी केली. म्हणजे या सख्ख्या बहिणी नव्हेत, लांबच्या चुलत बहिणी.

कीडाजडी साधारण 3000 ते 5000 मीटर उंचीवर, पतंगाच्या जमिनीत राहणाऱ्या अळीला आतून पोखरून वाढते. बर्फ वितळलं की मेलेल्या अळीच्या डोक्यातून काडीसारखा तपकिरी कोंब वर येतो. मे-जूनमध्ये उत्तराखंडातल्या पिथोरागड, चमोलीकडचे गावकरी बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, मुक्काम ठोकतात आणि गवतात पालथे पडून हे कोंब शोधतात. किलोचा भाव लाखांत. कोवळ्या कोंबाला जास्त पैसे मिळतात, म्हणून बीजाणू सुटायच्या आधीच तो खुडला जातो. मग पुढच्या अळ्यांना लागण होणार कशी? त्यात हिवाळे ऊबदार होत चाललेत. 2020 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संस्थेच्या लाल यादीत तिची नोंद 'असुरक्षित' म्हणून झाली.

मिलिटारिसही रानात अळ्या-कोशांवरच उगवते, पण ती माणसाळली आहे. थंड खोलीत, दिव्याखाली, काचेच्या बरणीत ब्राउन राइसवर दोनेक महिन्यांत तयार होते. महाराष्ट्रातही काही जण ती पिकवतात. अळी लागतच नाही, तेव्हा शाकाहारी घरात हाच मुद्दा निकाली ठरावा!

गंमत पुढेच आहे. ज्या कॉर्डिसेपिन या औषधी मानल्या जाणाऱ्या घटकाचा एवढा गाजावाजा होतो, ते 1950 च्या सुमारास मिलिटारिसमधूनच पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. कीडाजडीच्या जनुकांत ते बनवण्याची सोयच सापडत नाही. म्हणजे लाखांचा भाव आहे तो दुर्मिळपणाचा. शिवाय 2016 मध्ये चीनच्या अन्न-औषध प्रशासनाने कीडाजडीतल्या आर्सेनिकबद्दल इशारा दिला होता, आणि वजन वाढवायला अळीत शिशाची तार खुपसण्याचे प्रकारही झाले आहेत.

माझं मत उघड आहे: कीडाजडी नकोच. मिलिटारिस घ्यायची तरी 'ताकद वाढते' छापाच्या दाव्यांमागे माणसांवरचे अभ्यास छोटे आहेत, हे धरून चला. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पावडरीपेक्षा अख्खे वाळवलेले नारिंगी कोंब घ्या. पावडरीत तांदूळ किती दळलाय ते कळत नाही.