विस्कॉन्सिनच्या ग्रामीण काउंटीत फौजदारी नोंद कुठे शोधावी: कोर्टाचे संकेतस्थळ, क्लर्कचे कार्यालय, राज्याचा न्याय विभाग की खासगी कंपनी?

अमेरिकेतील लहान गावांच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या मराठी डॉक्टरांच्या कुटुंबांपुढे एक प्रश्न हमखास येतो. मुलांना सांभाळायला बाई ठेवायची आहे, भारतातून आलेल्या आईवडिलांकडे दिवसभर लक्ष द्यायला माणूस हवा आहे किंवा घराचा एक भाग भाड्याने द्यायचा आहे. समोरच्या व्यक्तीवर कधी फौजदारी खटला झाला आहे का, हे कुठे पाहायचे? महाराष्ट्रात आपल्याला पोलिसांच्या चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्राची सवय असते, म्हणजे ज्याची माहिती हवी तोच माणूस अर्ज करून कागद आणतो. अमेरिकेत मात्र न्यायालयाची बहुतेक नोंद मुळातच सार्वजनिक असते आणि ती पाहण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक राज्याची पद्धत वेगळी असल्यामुळे येथे विस्कॉन्सिन हे एकच राज्य घेतले आहे आणि उदाहरणादाखल त्याच्या उत्तर सीमेवरची आयर्न काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) घेतली आहे. तिची लोकसंख्या सुमारे सहा हजार असून काउंटीचे मुख्य ठिकाण हर्ली हे आहे.

पहिला मार्ग फुकट आहे आणि तो घरबसल्या वापरता येतो. विस्कॉन्सिनच्या न्यायालयांनी १९९९ मध्ये सर्किट कोर्टांच्या, म्हणजे काउंटी पातळीवर खटले चालवणाऱ्या न्यायालयांच्या, नोंदी पाहण्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. राज्यातील वकील, घरमालक, पत्रकार, सगळेच त्याला ‘सीकॅप’ म्हणतात. राज्याच्या ७२ काउंट्यांतील सर्किट कोर्टांचे खटले त्यावर नावाने शोधता येतात, त्यामुळे ग्रामीण काउंटी असली तरी निव्वळ शोधण्यासाठी तेथवर गाडी हाकत जाण्याची गरज राहत नाही. या सोयीमुळेच बहुतेक लोक येथे थांबतात आणि गैरसमजांची सुरुवातही बहुधा येथेच होते.

सीकॅपवर दिसते ती खटल्याची जंत्री. खटल्याचे कागद तेथे नसतात. प्रत्येक खटल्याच्या क्रमांकात वर्षानंतर दोन अक्षरे येतात. सीएफ म्हणजे गंभीर गुन्ह्याचा खटला, सीएम म्हणजे कमी गंभीर गुन्ह्याचा, सीटी म्हणजे गुन्हा ठरणारा वाहतुकीचा खटला, तर टीआर म्हणजे केवळ दंडाचे वाहतूक प्रकरण. ही अक्षरे खटला दाखल झाला त्या वेळच्या आरोपावरून ठरतात आणि पुढे सहसा बदलत नाहीत. एखाद्यावर गंभीर गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला, नंतर सरकारी वकिलाने तो सौम्य केला आणि आरोपीने तो सौम्य आरोप मान्य केला, तरी क्रमांकात सीएफच राहते. यादीत सीएफ पाहून ‘हा तर मोठा गुन्हेगार’ असे ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे. खटला उघडून प्रत्येक आरोपापुढे काय निकाल लिहिला आहे ते वाचलेच पाहिजे. त्या निकालांतही एक शेरा नवख्याला कोड्यात टाकतो: आरोप रद्द केला, पण शिक्षा ठरवताना विचारात घेतला. याचा अर्थ त्या आरोपाबद्दल माणूस दोषी ठरलेला नाही. मात्र त्याच्या संमतीने न्यायाधीशाने दुसऱ्या आरोपाची शिक्षा ठरवताना त्याची दखल घेतलेली असते आणि नुकसानभरपाईचा आदेशही त्यावरून निघू शकतो. त्याला संपूर्ण निर्दोष सुटका म्हणता येत नाही आणि दोषसिद्धीही म्हणता येत नाही.

दुसरी मर्यादा काळाची आहे. वेगवेगळ्या काउंट्यांनी संगणकीय नोंदी वेगवेगळ्या वर्षांपासून ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे जुने खटले सर्वत्र सारखे दिसत नाहीत. शिवाय २०१८ पासूनच्या नियमानुसार, ज्या फौजदारी खटल्यात सर्व आरोप रद्द झाले किंवा आरोपी निर्दोष सुटला, तो अंतिम आदेशानंतर दोन वर्षांनी संकेतस्थळावरून काढला जातो. माझ्या मते हा बदल योग्यच होता, कारण रद्द झालेला आरोपही लहान गावात माणसाचा वर्षानुवर्षे पिच्छा पुरवत असे. अल्पवयीनांचे खटले आणि कायद्याने गोपनीय ठरवलेली प्रकरणे सीकॅपवर येत नाहीत. गावांची म्युनिसिपल कोर्टेही त्यात नाहीत. ही शेवटची बाब विस्कॉन्सिनमध्ये विशेष महत्त्वाची आहे, कारण दारू पिऊन गाडी चालवल्याचा पहिला प्रसंग या राज्यात गुन्हा न मानता दिवाणी दंडाचे प्रकरण मानला जातो आणि तो म्युनिसिपल कोर्टात निकाली निघाला तर सीकॅपवर त्याचा मागमूसही नसतो. ज्याच्या हाती आपल्या मुलांची शाळेची ने-आण सोपवायची आहे, त्याच्या बाबतीत ही पोकळी लहान म्हणता येणार नाही.

दुसरा मार्ग म्हणजे काउंटीच्या न्यायालयातील क्लर्क ऑफ सर्किट कोर्ट. सीकॅप ही ज्याची छाया आहे ती मूळ फाइल येथे असते. क्लर्ककडून नावाने शोध करून घ्यायचा असल्यास कायद्याने ५ डॉलर शुल्क आहे आणि कागदांच्या प्रतीला पानामागे सव्वा डॉलर. खटल्याचा क्रमांक सीकॅपवरून आधीच काढून ठेवला असेल तर क्लर्कचे आणि आपले दोघांचेही काम सोपे होते. दोन कागद मागावेत: सरकारी वकिलाने दाखल केलेली मूळ फौजदारी तक्रार आणि दोषसिद्धीचे निकालपत्रक. तक्रारीत पोलिसांनी नोंदवलेली हकिकत असते, म्हणजे कोणी, कोणाला, कोठे, काय केले याचे वर्णन असते. ‘बेशिस्त वर्तन’ या एका कलमाखाली दारूच्या नशेत रस्त्यावर आरडाओरडा करणाराही येतो आणि घरात बायकोवर हात उगारणाराही. सीकॅपच्या ओळीवरून या दोघांतला फरक नेहमी कळेलच असे नाही, पण तक्रारीची दोनतीन पाने वाचली की तो लख्ख दिसतो. तक्रार हा सरकार पक्षाचा आरोप आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, एवढे भान ठेवून ती निकालपत्रकाच्या जोडीने वाचावी. संकेतस्थळावरून काढून टाकलेला खटला क्लर्ककडे मात्र जतनाची मुदत संपेपर्यंत असतो. सौम्य गुन्ह्यांच्या फाइलींसाठी ती २० वर्षे आणि बहुतेक गंभीर गुन्ह्यांसाठी ५० वर्षे आहे.

तिसरा मार्ग राज्याच्या न्याय विभागाकडे जातो. त्याच्या गुन्हे माहिती कार्यालयाकडे नाव आणि जन्मतारीख देऊन ऑनलाइन शोध घेता येतो आणि प्रत्येक नावामागे ७ डॉलर लागतात. ही नोंद मुळात अटकेच्या वेळी घेतलेल्या बोटांच्या ठशांवर उभी असते आणि तिच्यात प्रौढांच्या अटकाही येतात. विस्कॉन्सिनमध्ये फौजदारी खटल्यासाठी १७ वर्षांच्या व्यक्तीलाही प्रौढ धरतात. साहजिकच ही माहिती सीकॅपपेक्षा काही बाबतींत जास्त आणि काही बाबतींत कमी असते. अटक झाली पण खटला उभा राहिला नाही, अशी नोंद येथे सापडू शकते. उलट, बोटांचे ठसे न घेता केवळ समन्स देऊन चालवलेला सौम्य खटला येथे नसण्याची शक्यता असते.

या दोन्ही नोंदींतला सर्वांत मोठा फरक न्यायालयाने पुसायला सांगितलेल्या दोषसिद्धीच्या बाबतीत पडतो. गुन्ह्याच्या वेळी वय २५ पेक्षा कमी असेल आणि गुन्ह्याची कमाल कैद सहा वर्षांपर्यंत असेल, तर न्यायाधीश शिक्षा सुनावताना असा आदेश देऊ शकतो की, शिक्षा यशस्वीपणे पूर्ण झाल्यावर न्यायालयाची नोंद पुसली जावी. तसे झाले की खटला सीकॅपवरून जातो आणि क्लर्ककडची फाइल बंद होते. पण हा आदेश केवळ न्यायालयाच्या नोंदीला लागू होतो, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. म्हणून न्याय विभागाच्या सात डॉलरच्या अहवालात तीच गोष्ट दिसू शकते. विशीत केलेल्या चुकीबद्दल कायद्याने ज्याला दुसरी संधी दिली, त्याच्याबद्दल असा अहवाल हाती आला तर त्याला किती वजन द्यायचे, हे ठरवताना न्यायाधीशाने तो आदेश का दिला असेल याचाही विचार व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

नावावरून घेतलेल्या प्रत्येक शोधाचा आणखी एक धोका आहे. हर्लीच्या परिसरात लोखंडाच्या खाणींच्या काळात फिनलंड आणि इटलीतून आलेली कुटुंबे स्थायिक झाली. अशा लहान वस्त्यांत एकच आडनाव अनेक घरांत असते आणि बापलेकांचे नावही एकच असू शकते. वय, पत्ता आणि मधले नाव ताडून पाहिल्याशिवाय नोंद त्याच माणसाची आहे असे धरू नये. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात, कोणतीही गुन्हेगारी पार्श्वभूमी नसलेल्या माणसाच्या नावाने शोध घेतला की त्याच्या नातेवाइकाचा गुन्हेगारी इतिहास पुढे येत असे, कारण त्या नातेवाइकाने अटकेच्या वेळी त्याचे नाव वापरले होते. न्यायालयाने त्या माणसाच्या बाजूने निकाल दिला.

शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयाबद्दल थोडक्यात सांगता येईल. तुरुंगातील लोकांची यादी फक्त आज आत कोण आहे ते सांगते, तिच्यावरून इतिहास कळत नाही. एखाद्या विशिष्ट घटनेचा पोलिसी अहवाल हवा असेल तर राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली तेथे विनंती करता येते. त्यासाठी आपले नाव किंवा कारण सांगण्याची सक्ती नाही. ‘शक्य तितक्या लवकर’ एवढेच बंधन कार्यालयावर असल्याने ठरलेली मुदत मात्र नसते.

हे सारे मार्ग राज्याच्या सीमेवर थांबतात आणि ग्रामीण काउंट्यांच्या बाबतीत ही सीमा बरेचदा गावाच्या वेशीवरच असते. हर्लीसमोर माँट्रियल नदी आहे आणि पलीकडे मिशिगनमधील आयर्नवुड. लोक एका गावात राहतात, दुसऱ्या गावात नोकरी करतात आणि पलीकडच्या खटल्याची एक ओळही सीकॅपवर येत नाही. त्यासाठी मिशिगन राज्य पोलिसांच्या ऑनलाइन सेवेत प्रत्येक नावामागे १० डॉलर देऊन वेगळा शोध घ्यावा लागतो. हर्लीत माणूस ठेवणाऱ्याने न्याय विभागाच्या सात डॉलरआधी हे दहा डॉलर खर्च करावेत, असे माझे मत आहे. संघीय न्यायालयांचे खटलेही वेगळ्या व्यवस्थेत, पेसरवर, असतात. तेथे पानाला १० सेंट पडतात आणि तिमाहीचे बिल ३० डॉलरपर्यंत असेल तर ते माफ होते. राज्याच्या पूर्व भागातील मेनॉमिनी काउंटीत ही बाब दुय्यम राहत नाही. ती काउंटी जवळपास पूर्णपणे मेनॉमिनी या मूळ अमेरिकन जमातीच्या राखीव क्षेत्राशी एकरूप आहे आणि तेथे जमातीच्या सदस्यांवरील गंभीर गुन्ह्यांचे खटले राज्याच्या न्यायालयात न चालता संघीय न्यायालयात चालतात. तेथील माणसाच्या बाबतीत सीकॅप कोरे दिसले तरी त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही.

खासगी कंपन्यांचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. दहावीस डॉलरमध्ये ‘कोणाचीही संपूर्ण माहिती’ देणारी संकेतस्थळे बहुधा स्वतःच बारीक अक्षरांत सांगतात की ही माहिती नोकरी किंवा भाडेकरार ठरवण्यासाठी वापरता येणार नाही, आणि अशा कामासाठी त्यांच्यावर एक डॉलरही घालवू नये. दुसऱ्या प्रकारच्या कंपन्या १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याखाली काम करतात. नोकरीसाठी त्यांचा अहवाल मागवताना उमेदवाराला स्वतंत्र कागदावर कळवून त्याची लेखी संमती घ्यावी लागते आणि अहवालामुळे नकार द्यायचा असेल तर आधी त्याला अहवालाची प्रत द्यावी लागते. दोषसिद्धी न झालेल्या अटका साधारणपणे सात वर्षांनंतर अशा अहवालात देता येत नाहीत. उमेदवार चारपाच राज्यांत राहून आलेला असेल तर हा खर्च सार्थकी लागतो. जन्मभर एकाच काउंटीत राहिलेल्या माणसासाठी कंपनी बहुधा तेच पाहील जे आपल्याला सीकॅपवर फुकट दिसते.

नोंद सापडल्यानंतर हात मोकळे असतात असेही नाही. विस्कॉन्सिनचा नोकरीतील समानतेचा कायदा एकच कर्मचारी ठेवणाऱ्यालाही लागू होतो. दोषसिद्धीमुळे नकार द्यायचा असेल तर तो गुन्हा आणि ते काम यांचा ठोस संबंध असावा लागतो आणि जुनी, पुढे न गेलेली अटक हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. मुलांना इजा केल्याची दोषसिद्धी आणि मूल सांभाळण्याचे काम यांचा संबंध उघड आहे. पंधरा वर्षांपूर्वीचा न वटलेला चेक आणि आजीला वेळेवर औषध देण्याचे काम यांचा संबंध लावणे अवघड आहे.

तेव्हा मुलांसाठी किंवा आईवडिलांसाठी माणूस ठेवणाऱ्याने सीकॅप, सीमेपलीकडच्या राज्याचा शोध आणि लैंगिक गुन्हेगारांची मोफत राष्ट्रीय यादी ही तिन्ही पाहावीत, आणि गाडी चालवण्याचे काम असेल तर उमेदवारालाच त्याची वाहनचालक नोंद आणायला सांगावी. केवळ भाडेकरू ठेवणाऱ्याला सीकॅप बहुधा पुरेसे आहे, कारण घर रिकामे करण्याचे दिवाणी दावेही तेथेच सापडतात. आणि दोन्ही बाबतींत मन कलुषित करणारी एखादी ओळ दिसली, तर नकार कळवण्याआधी खटल्याचा क्रमांक लिहून क्लर्ककडून तक्रारीची आणि निकालपत्रकाची प्रत मागवावी. दहाबारा पानांना पंधरा डॉलरपर्यंत खर्च येतो.