दरडीखालच्या वाडीत पर्जन्यमापक: दोन पावसाळ्यांचा अनुभव

मी महाड तालुक्यातल्या डोंगराखालच्या एका वाडीची पोलीस पाटील. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून पाऊस लागून राहिला की आमच्याकडे रात्री कुणाचा डोळा लागत नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडींचा नकाशा त्यांच्या भूकोश या संकेतस्थळावर फुकट बघता येतो, तो मी बघितला. नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. आमची अख्खी वाडी करंगळीच्या नखाखाली झाकली जाते. कुठला उतार धोक्याचा हे त्यातून समजतं, पण आज रात्री माणसं हलवायची का, याचं उत्तर त्यात नाही. २०२३ ला गाडली गेलेली इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. तिथे तीन दिवसांत ४९९ मिमी पाऊस झाला होता. आमच्या महसूल मंडळाचं पर्जन्यमापक नऊ किलोमीटरवर, खाली नदीकाठी. आमच्या माथ्यावर किती कोसळतो ते तिथून कसं कळणार? म्हणून वर्गणी काढून साडेतीन हजारांचं साधं, हाताने मोजायचं फायबरचं पर्जन्यमापक मागवलं.

वस्तू दणकट आहे. दोन पावसाळे काढले, कुठे तडा नाही. शाळेच्या मैदानात, फणसापासून लांब, तोंड जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर येईल असं बसवलं. रोज सकाळी साडेआठला मोजते.

पण विकणाऱ्याने मोठी चूक केली होती. पाऊस झेलणाऱ्या नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंटीमीटरचं आणि सोबत दिलेलं मोजपात्र १०० च्या तोंडासाठी आखलेलं. त्यामुळे प्रत्येक आकडा दुप्पट यायचा. सरळ कडांचा स्टीलचा डबा बाजूला ठेवून पट्टीने मोजलं तेव्हा लक्षात आलं: डब्यात ४३ मिमी, मोजपात्रात ८६. चार फोन केल्यावर पात्र बदलून मिळालं, पण मधले अठरा दिवस मी तलाठ्यांना चुकीचे आकडे कळवत होते. ज्या आकड्यावर माणसं घर सोडणार, त्यात अशी गफलत चालत नाही.

दुसरी गोष्ट आत पाणी साठतं त्या बाटलीची. चार लिटरची बाटली या तोंडाला २०० मिमीला भरते. देशावर ती पुरेल, पण आमच्याकडे जुलैत २४ तासांत त्याहून जास्त पडतो.

गेल्या जुलैत दोन दिवसांचा मिळून २४४ मिमी झाला होता. तिसऱ्या दिवशी रात्री अकराला मोजायला गेले. मोजपात्र लहान, पुन्हा पुन्हा भरावं लागतं. बॅटरीच्या उजेडात मोजणी चुकू नये म्हणून शाळेच्या भिंतीवर खडूने रेघा मारत गेले. सकाळपासूनचे १६२ भरले. त्यातच वरच्या झऱ्याचं पाणी लाल गढूळ झाल्याचं पोरांनी सांगितलं. उताराखालची अकरा घरं उठवली. एक आजी म्हणाल्या, “पाटीलताई, म्हैस आज-उद्या व्यायची आहे, तिला टाकून कशी येऊ?” चौघांनी म्हैस शाळेच्या पडवीत आणून बांधली, मग आजी आल्या. पहाटे दोन शेतांचे बांध खचून खाली आले, घरांपासून जेमतेम शंभर पावलांवर थांबले.

आधी मी “लई पाऊस पडतोय, चला” म्हणायचे तर बापे माणसं हलत नसत. आता विचारतात, “तीन दिवसांचा किती झाला?” आणि आकडा ऐकून गोधड्या गुंडाळतात.

डोंगराखाली राहत असाल तर जरूर घ्या. मात्र दहा लिटरची बाटली मागून घ्या आणि नरसाळं व मोजपात्र दोन्हींवरचं चौरस सेंटीमीटर जुळतंय का ते दुकानदारासमोरच बघा. वरच्या धनगरवाड्यासाठी दुसरं मागवलंय, मे संपायच्या आत बसवायचं आहे.