अ‍ॅडवेअरवर उपाय: विकतचा सुरक्षा-संच, सफाईचा स्कॅनर की विंडोजमध्ये आहे तेच?

'अँटिव्हायरस कोणता घेऊ?' असं विचारणाऱ्या बऱ्याच जणांना व्हायरसचा त्रास नसतोच. नीट विचारलं की खरी तक्रार बाहेर येते. ब्राउझर उघडला की भलतंच पान येतं. काहीही शोधलं तरी आधी कुठल्यातरी अनोळखी साइटवरून फिरवून आणलं जातं. उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले' अशी चौकट सारखी डोकावते. आणि कधीतरी अख्खा स्क्रीन व्यापून भोंगा वाजायला लागतो आणि मधोमध एक फोन नंबर झळकतो. यातल्या बऱ्याच गोष्टी अ‍ॅडवेअर, म्हणजे जाहिराती लादणारं सॉफ्टवेअर, करतं.

यावर तीन रस्ते आहेत. कायम जागा राहणारा सुरक्षा-संच बसवायचा, विकतचा किंवा त्याचीच फुकट आवृत्ती. नाहीतर गरज पडेल तेव्हा अ‍ॅडडब्ल्यूक्लीनरसारखा सफाईचा स्कॅनर चालवायचा. किंवा विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या डिफेंडर या मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसवर भिस्त ठेवून ब्राउझर आवळायचा, म्हणजे त्यात जाहिराती आणि नको त्या परवानग्या रोखायच्या. घरातल्या सगळ्या संगणकांची उस्तवार माझ्याकडे असल्याने तिन्ही वापरून झालेत. माझा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच, पण तुमच्या घरची गरज वेगळी असू शकते.

निवड करण्याआधी एक गोष्ट मात्र बघून घ्या. कोपऱ्यातल्या त्या चौकटीत बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि एखाद्या साइटचा पत्ता दिसतोय का? दिसत असेल तर बहुधा संगणकात काही शिरलेलंच नाही. घरातल्या कुणीतरी 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा' छापाच्या पानावर बटण दाबलंय आणि त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची रीतसर परवानगी मिळालीय. ही परवानगी म्हणजे ब्राउझरमधली एक नोंद. स्कॅनर शोधतो फाइली आणि प्रोग्रॅम, त्यामुळे तो बहुतेक वेळा 'काही सापडलं नाही' म्हणून मोकळा होतो आणि चौकटी येतच राहतात. मग लोक दुसरा स्कॅनर उतरवतात, मग तिसरा, आणि त्या शोधाशोधीत खरं अ‍ॅडवेअर घरात येतं. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जाऊन ती साइट काढून टाका आणि तिथेच कुठल्याही साइटला परवानगी मागूच न देण्याचा पर्याय निवडा. एज आणि फायरफॉक्समध्येही असंच सेटिंग आहे. ई-मेल आणि कॅलेंडर सोडलं तर अशा परवानगीवाचून कुणाचं अडलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

एवढ्यावर प्रश्न मिटला तर पुढचं वाचण्याची गरज नाही. नसेल मिटला, तर खरी तुलना आता.

सुरक्षा-संच

त्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. तो कुठल्याही ब्राउझरमध्ये फसव्या साइट अडवतो. घरातली सगळी यंत्रं एका खात्यातून दिसतात. पैसे भरले असतील तर अडचणीला मदतकेंद्र असतं. ज्या घरात संगणकातलं कळणारं कुणीच नाही तिथे हे शेवटचं कारण हलकं समजू नये.

पकडण्याच्या ताकदीत मला तरी फरक जाणवला नाही. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट ही अँटिव्हायरस तपासणारी संस्था संरक्षण, वेग आणि वापरातली सोय या तिन्हींना प्रत्येकी ६ असे १८ पैकी गुण देते. त्यात नावाजलेले संच वरच्या पट्ट्यात असतात आणि डिफेंडरनेही अनेकदा पूर्ण १८ मिळवलेत. दहा-बारा वर्षांपूर्वी मायक्रोसॉफ्टचा फुकट अँटिव्हायरस अशा चाचण्यांत तळाशी असायचा. 'डिफेंडर म्हणजे नावापुरता' हे मत तेव्हापासून चिकटलेलं आहे.

मला संच नकोसा झाला तो त्याच्या स्वतःच्या पॉप-अपमुळे. वर्गणी संपायला वेळ असतानाच नूतनीकरणाची चौकट. व्हीपीएन (इंटरनेटची रहदारी लपवणारी सेवा) विकत घेतलेलं नाही म्हणून 'तुमचा संगणक पूर्ण सुरक्षित नाही' असा लाल इशारा. नको असलेल्या फाइली सापडल्या, साफ करायला पुढची पायरी घ्या. ब्राउझरमध्ये आमचं सुरक्षित शोधाचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाका, म्हणजे शोधयंत्र बदललंच. आता ही चौकट भामट्याच्या चौकटीशेजारी ठेवून बघा. कोपरा तोच, लाल त्रिकोण तोच, घाई तीच, आणि मोठं हिरवं बटणही तेच.

माझ्या वडिलांना फसव्या चौकटी ओळखायला शिकवायच्या होत्या. त्यांना पाठ होईल असा नियम एकच: कोपऱ्यात किंवा स्क्रीनभर आलेला धोक्याचा कुठलाही इशारा खोटा समजायचा, बंद करायचा, मला सांगायचं. संच असताना हा नियम चालेचना. काही इशारे खरे होते, काही विक्रीचे होते, काही भामट्यांचे होते, आणि दर वेळी "अरे, हे खरं की खोटं?" म्हणून फोन यायचा. फोटो मागवल्यावर मलाही दोनदा बघावं लागायचं. ज्या माणसाला वाचवायचंय त्याची नजर जे साधन बिघडवतं, ते कितीही हुशार असलं तरी घरात कशाला, असं तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

ही फक्त माझी चिडचिड आहे असंही नाही. रिस्टोरो आणि रिइमेज या संगणक-दुरुस्तीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांनी विंडोजच्या इशाऱ्यासारखे दिसणारे पॉप-अप दाखवून गिऱ्हाइकांना घाबरवलं, असा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. ते प्रकरण २०२४ मध्ये २ कोटी ६० लाख डॉलरवर मिटलं. त्याच वर्षी याच आयोगाने अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. तिथे मुद्दा पॉप-अपचा नव्हता. वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकली गेली होती. सगळे संच असे नसतात हे उघड आहे. पण 'सुरक्षा' असं लेबल पाहून डोळे मिटावेत अशी स्थिती नाही.

सफाईचा स्कॅनर

अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर मला मनापासून आवडतो. छोटी फाइल, बसवायची भानगड नाही. चालवा, यादी बघा, क्वारंटाइन करा (बाजूला कोंडून ठेवा), पुन्हा सुरू करा. २०१६ मध्ये मालवेअरबाइट्सने तो विकत घेतला, तरी त्याचा आटोपशीरपणा टिकलाय. अ‍ॅडवेअरने प्रॉक्सी (इंटरनेटचा मधला थांबा) बदलून ठेवली असेल किंवा साइटचे पत्ते वळवू शकणाऱ्या होस्ट्स फाइलमध्ये हात घातला असेल तर तेही मूळपदावर आणायची सोय त्यात आहे. कारखान्यातून भरून आलेलं सॉफ्टवेअर तो वेगळ्या यादीत दाखवतो. ही यादी निरर्थक नाही: २०१४-१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपांवर सुपरफिश नावाचं जाहिरात घुसवणारं सॉफ्टवेअर कारखान्यातूनच आलं होतं आणि त्याने स्वतःचं रूट सर्टिफिकेटही (कुठल्या साइट खऱ्या मानायच्या ते ठरवणारं प्रमाणपत्र) बसवलं होतं. मात्र त्या यादीतलं सगळं सरसकट उडवू नका. टचपॅड किंवा बॅटरीची कामाची साधनंही तिथे असू शकतात.

मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती जास्त खोल बघते, पण ती बसवावी लागते. सुरुवातीला १४ दिवस विकतच्या आवृत्तीची चव देते, मग साध्या स्कॅनरवर येते. कोपऱ्याबद्दल माझं मत आता तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे मी अ‍ॅडडब्ल्यूक्लीनरवरच थांबतो.

स्कॅनरची मर्यादा अशी की तो घाण झाल्यावर येतो. शिवाय दोन ठिकाणी तो फसलेला दिसतो. पहिलं ठिकाण सिंक, म्हणजे ब्राउझरच्या गोष्टी खात्यात जपून सगळ्या यंत्रांवर सारख्या ठेवणं. संगणक स्वच्छ होतो, पण ते वाईट एक्स्टेन्शन खात्यात जपलेलं असतं आणि लॉग-इन केलं की परत उतरतं. सफाईआधी सिंक बंद करा, एक्स्टेन्शन हाताने काढा, मगच सिंक चालू करा. दुसरं, घरच्या क्रोममध्ये 'तुमची संस्था हा ब्राउझर व्यवस्थापित करते' असं दिसणं. घरच्या संगणकाला कसली आलीय संस्था? एखाद्या प्रोग्रॅमने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, ब्राउझरसाठी धोरण (सक्तीचा नियम) लिहून ठेवलेलं असतं, म्हणून एक्स्टेन्शनचं काढण्याचं बटणच निकामी होतं. अ‍ॅडडब्ल्यूक्लीनरच्या सेटिंगमध्ये क्रोमची धोरणं पुसायचा पर्याय आहे, तो चालू करून पुन्हा सफाई करा. विकतच्या काही सुरक्षा-संचांमुळेही हे वाक्य दिसतं, तेव्हा पुसण्याआधी ते धोरण अशाच एखाद्या संचाचं आहे का ते बघा.

जुन्या सल्ल्यांत क्रोमच्याच सफाई-साधनाचा उल्लेख असतो. ते शोधत बसू नका, २०२३ मध्ये गुगलने काढून टाकलं.

विंडोजमध्ये आहे तेच

माझ्या घरात सध्या हेच आहे. डिफेंडर, त्यातला नको असलेल्या अ‍ॅप्सना अडवणारा खटका, आणि फायरफॉक्समध्ये जाहिराती रोखणारं यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन.

खटका विंडोज सिक्युरिटीमध्ये अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल, मग रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन इथे आहे. अ‍ॅडवेअर बहुतेकदा कायद्याच्या भाषेत व्हायरस नसतं, कारण इन्स्टॉल करताना तुम्ही कुठेतरी 'मान्य' दाबलेलं असतं. म्हणून त्याच्यासाठी वेगळा खटका. ऑगस्ट २०२१ पासून मायक्रोसॉफ्टने तो आपोआप चालू करायला सुरुवात केली, पण जुन्या यंत्रावर स्वतः बघून घ्या. त्याखालची डाउनलोड अडवण्याची चौकट एज ब्राउझरपुरतीच आहे, बाकी ब्राउझरवाल्यांना तिचा उपयोग नाही.

खरं काम करतो तो यूब्लॉक. अ‍ॅडवेअर घरात शिरतं ते खोट्या डाउनलोड बटणांतून आणि शोधाच्या निकालांवर चढलेल्या जाहिरातींतून. 'अमुक प्रोग्रॅम डाउनलोड' असं शोधलं की पहिली ओळ कित्येकदा जाहिरात असते आणि ती हुबेहूब नकली साइटवर नेते. डिसेंबर २०२२ मध्ये एफबीआयने काढलेल्या सूचनेतही, शोध घेताना जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन वापरा असा सल्ला होता. जाहिरात दिसलीच नाही तर दाबणार कुणी? हा ब्लॉकर आल्यापासून आमच्याकडे सफाईचे प्रसंग जवळजवळ थांबले. मोजमाप म्हणून हे लंगडं आहे, मान्य. क्रोमवाल्यांना मात्र २०२५ पासून मूळ यूब्लॉक ओरिजिन चालत नाही, हलकी 'लाइट' आवृत्ती घ्यावी लागते. तीही चांगली आहे, पण हात थोडे बांधलेले. फायरफॉक्समध्ये मूळची पूर्ण चालते, म्हणून वडिलांच्या संगणकावर फायरफॉक्स.

कुरबुरी यातही आहेत. एखादी साइट अर्धवट उघडते, पैसे भरायचं पान अडकतं, आणि तेवढ्यापुरता ब्लॉकर बंद करावा लागतो. ज्याला ते जमत नाही तो हैराण होतो. डिफेंडरही अधूनमधून 'काही धोका नाही' असं कळवत राहतो. तो सारांश नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद केला की तो जवळपास मुका होतो, आणि मला तो तसाच हवाय. वडिलांचा नियम आता जसाच्या तसा लागू पडतो. विकणारं कुणी उरलेलं नाही, त्यामुळे कोपऱ्यात काही आलं की ते खोटं.

स्क्रीनभर पसरणारं, भोंगा वाजवणारं पान यातला कुठलाच रस्ता शंभर टक्के अडवत नाही. एजमध्ये २०२५ पासून अशी पानं ओळखणारा स्केअरवेअर ब्लॉकर आलाय, चालू करून ठेवायला हरकत नाही. पान आलंच तर एस्केप दाबून धरा. नाही सुटलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा आणि परत उघडताना जुनी पानं आणू का या प्रश्नाला नाही म्हणा. वेबपानाला तुमची डिस्क तपासता येत नाही, आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. त्या नंबरवर फोन करून कुणाला संगणक दूरवरून हाताळू दिला असेल, तर मग अ‍ॅडवेअरचा विषय संपला. आधी इंटरनेट तोडा, त्यांनी बसवायला लावलेला प्रोग्रॅम काढा, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला आणि बँकेला लगेच कळवा.

घरात मदतीला कुणीच नसेल, किंवा बरीच यंत्रं एका नजरेखाली हवी असतील, तर विकतचा संच घेण्यात गैर काही नाही. फक्त पहिल्याच दिवशी त्याच्या सेटिंगमध्ये ऑफर आणि सूचना दाखवण्याचे जे पर्याय असतील ते बंद करा, आणि ते बंदच करता येत नसतील तर दुसरा बघा. संगणक आत्ता घाण झालेला असेल तर आज अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर चालवा, बाकी निवड उद्या करा. तो डिफेंडरशी भांडत नाही. आणि घरात अधूनमधून डोकावणारं एक जाणतं माणूस असेल, तर मला वाटतं तिसरा रस्ता पुरतो.

त्या रस्त्याला यायचं ठरलं तर एक काळजी घ्या. दुसरा अँटिव्हायरस बसलेला असताना डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, आणि जुना संच अर्धवट निघाला तर डिफेंडर उठतच नाही. कंट्रोल पॅनेलमधून काढून झाल्यावर त्या कंपनीचं खास काढून टाकणारं साधन मिळत असेल तर तेही चालवा, संगणक पुन्हा सुरू करा आणि विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस संरक्षणासमोर डिफेंडरचंच नाव आलंय का ते पाहा. मग खटका, मग यूब्लॉक.