गोल सुयांचा संच: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यावर

निवृत्तीनंतर वेळच वेळ असतो, हा नोकरीत असलेल्यांचा समज. वेळ असतो खरा, पण सगळा सुटा. सकाळी वेताळ टेकडी, आठवड्यातून एकदा ग्रुपबरोबर सिंहगड, नाहीतर मळवलीला लोकलने उतरून लोहगड. मग बँक, दळण, कुणाचं बारसं, कुणाला दवाखान्यात भेटून येणं. सलग दोन तास मांडी घालून विणत बसायचे दिवस माझ्या आईचे होते. मला मिळतात त्या अर्ध्या-पाऊण तासाच्या फटी. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर विणकामाच्या, बदलत्या टोकांच्या गोल सुयांचा (लवचिक केबलने जोडलेल्या दोन आखूड सुया) संच घेतला तो यासाठीच, आणि त्याला मार्कही त्याच हिशोबाने देतेय.

संचात 3.5 ते 8 मिमीपर्यंतच्या लाकडी टोकांच्या जोड्या, वेगवेगळ्या लांबीच्या केबल, टोपणं आणि पेच आवळायची एक बारीकशी चावी आहे. हवं ते टोक हव्या त्या केबलला पिळून लावायचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मैत्रिणींकडचे दुसऱ्या कंपन्यांचे संचही हाताळून पाहिलेत आणि पुढे लिहिलेलं बरंचसं त्यांनाही लागू आहे.

सगळ्यात मोठा फरक पडला बसमध्ये. स्वारगेटहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत तासाभराहून जास्त वेळ जातो. जुन्या सरळ सुया फूटभर लांब, त्यामुळे शेजारच्या बाईच्या बरगडीत कोपर जायचं, आणि खडकवासल्याच्या आसपास ब्रेक लागला की एक सुई सीटखाली. ती शोधायची कशी, ते बसमध्ये विणणारीलाच विचारा. गोल सुईचं टोक वीतभरही नसतं आणि दोन्ही टोकं एकाच केबलने बांधलेली, त्यामुळे पडायला काही सुटंच राहत नाही. गडावर देवटाक्याजवळ ताक-पिठलं येईपर्यंत चार ओळी होतात. उठायची वेळ झाली की टाके केबलवर सरकवायचे, टोकं काढून टोपणं लावायची आणि विणकाम सॅकमध्ये. उतरताना टाका गळेल ही धास्ती नाही.

मनगटालाही आराम पडला. सरळ सुईवर स्वेटरच्या पाठीचं सगळं वजन सुईच्या टोकाला लोंबतं आणि अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. इथे ते वजन केबलवरून मांडीत उतरतं. दुखणं गेलं असं म्हणणार नाही, पण रात्री मलम शोधावं लागत नाही.

दुसरा उपयोग घेताना डोक्यातही नव्हता. लेक कॅलगरीला असते. आपले सकाळचे आठ म्हणजे तिकडे आदल्या दिवसाचे रात्री साडेआठ, आणि थंडीत त्यांनी घड्याळं मागे घेतली की साडेसात. नातू झाल्यापासून व्हिडिओ कॉल रोजचा. सरळ सुयांवर एक ओळ सुलट, एक ओळ उलट, मग मान सारखी खाली. गोल, म्हणजे नळीसारखं सलग विणताना काम उलटवायचंच नसतं, साधी वीण नुसत्या सुलट टाक्यांनी होते. हात आपोआप चालतात आणि डोळे पडद्यावर. बाळाला पहिला दात आला, साताऱ्याच्या भाच्याचं लग्न ठरलं, आत्याबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, या सगळ्या बातम्या एकाच निळ्या स्वेटरमध्ये विणल्या गेल्यात. बाळाचं टोपडं मात्र लहान घेराचं. त्याला लांब केबल घेऊन टाक्यांच्या मधून केबलचा फास बाहेर काढत विणायची पद्धत आहे. पहिल्यांदा बोटांचा गुंता होतो, दोन टोपड्यांनंतर जमतं.

एक सूचना. बऱ्याच जणींचा हात सुलट टाक्याला घट्ट आणि उलट टाक्याला सैल असतो. म्हणून सरळ सुयांवरचं माप गोल विणताना जसंच्या तसं धरू नका. मध्यम जाडीच्या लोकरीला 4 मिमीवर 10 सेंमीत साधारण 22 टाके बसतात, ते गोलच विणून मोजा. सुयांचे नंबरही जपून. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक: 8 नंबर म्हणजे 4 मिमी, 10 नंबर म्हणजे 3.25. अमेरिकन नमुन्यात तोच 8 नंबर 5 मिमीचा निघतो. कुठलाही नमुना घ्या, मिमी बघा.

आता तक्रारी. जोड हाच या संचाचा कच्चा दुवा. चावीने आवळला तरी विणता विणता केबल पिळवटते आणि पेच हळूहळू उलटा फिरतो. एकदा ऐन कॉलमध्ये टोक सुटलं आणि बाहीचे वीसेक टाके घरंगळले. लेक तिकडून विचारतेय, "आई, तू कुणाला ओरडतेस?" तेव्हापासून विणायला घेतलं की आधी जोड चाचपते. चावी घालायला जोडाशी जे बारीक छिद्र असतं, त्याचा मात्र छान उपयोग सापडला. त्यात पातळ सुती दोरा ओवून ओळ विणली की दोरा आपोआप सगळ्या टाक्यांतून जातो. पुढे काही उसवावं लागलं तर तिथेच थांबतं. नक्षीच्या विणीत दर दहा-बारा ओळींनी हे करतेच.

नव्या केबलचं वेटोळं सुटत नाही. कडकडीत पाण्यात मिनिटभर बुडवून सरळ ताणून धरली की ऐकते. बारीक टोकं नाजूक आहेत. 3.5 चं एक टोक सॅकमध्ये पाण्याच्या बाटलीखाली मोडलं. सुटी जोडी मिळाली, पण वाट पाहावी लागली. आता चष्म्याच्या जुन्या कडक डबीत ठेवते. आणि लाकूड स्टीलपेक्षा संथ. ॲक्रिलिक लोकर त्यावर कुरकुरत अडकते, मेरिनो छान सरकते. घसरट धाग्याला मात्र हीच पकड उपयोगी पडते. (ग्रुपमधल्या एकीने धनगरी लोकर विणून बघ म्हणून आग्रह केला. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, घोंगडीला उत्तम. बाळाच्या अंगाला लावण्याचा विचारसुद्धा करू नका.)

पावसाळ्यात गडावर संच नेणं मी बंद केलं. धुक्यात लोकर दमट होते, टाके घट्ट बसतात आणि घरी येऊन सगळं पंख्याखाली पसरावं लागतं. त्या दिवसांत बसमधल्या विणकामावरच भागवलं.

एका जागी, खिडकीशी खुर्चीत बसून विणणारीला एवढा खर्च करायची गरज नाही, तिच्या सरळ सुया झकास आहेत. फिरतीवर विणायचं असेल तरी थेट संच घेऊ नका. आधी 4 मिमीची, 80 सेंमीची, जोड नसलेली एकच गोल सुई घ्या. संचाच्या मानाने ती अगदी स्वस्त पडते. तिच्यावर एक टोपी आणि एक स्वेटर होऊ द्या. संच घ्यावासा वाटलाच तर केबल गिरकी घेणारी (जोडाशी मोकळी फिरणारी) आहे का, हे दुकानदाराला विचारा. तशा केबलला पेच सुटायची भानगड बरीच कमी असते. मी पुढच्या महिन्यात तीच मागवतेय, कारण भाच्याच्या लग्नाआधी नवरीची शाल संपवायचीय.