विधी सेवा प्राधिकरणाची मोफत वकील सेवा : माझा अनुभव (सासऱ्यांच्या नावावरचा फ्लॅट, बदललेलं कुलूप)

जिल्ह्याचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण केस अजून चालू आहे, पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरण म्हणजे कोर्टाच्या आवारात सरकारी फुकट वकील मिळतो ते ऑफिस, त्याबद्दल लिहितेय.

मुलीला शाळेतून घेऊन आले तर माझी चावी आतच जाईना. तीनदा फिरवून बघितली मग लक्षात आलं लॅचच बदललंय, पितळी, कोरं करकरीत, खाली पायपुसण्यावर लाकडाचा भुसा तसाच पडलेला. नवऱ्याने महिनाभर आधी घटस्फोटाचा अर्ज टाकला होता. चौकीत गेले तर म्हणे घरगुती मामला आहे, कोर्टात जा. एका प्रायव्हेट वकिलाकडे गेले, दोन हजार घेतले आणि सांगितलं फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर आहे तुमचा काही हक्क नाही, काहीतरी रक्कम घ्या आणि मोकळ्या व्हा. मी जवळजवळ सही करणार होते.

मावसबहिणीने १५१०० हा विधी सेवेचा हेल्पलाइन नंबर दिला म्हणून इथे आले. बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच आहे. मला वाटायचं फुकटचा वकील म्हणजे टाळाटाळ, पण पॅनेलवरच्या (प्राधिकरणाच्या वकिलांच्या यादीतल्या) मॅडमनी पहिल्या अर्ध्या तासात जे सांगितलं ते मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे लग्नानंतर जिथे राहत होतात त्या घरात राहायचा हक्क आहे, कागदावर नाव कोणाचं हे बघत नाहीत, आणि कोर्टाच्या मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही. सासऱ्यांच्या घरावर हक्क नाही असा सुप्रीम कोर्टाचा २००६ चा निकाल होता, तो ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच कोर्टाने चुकीचा ठरवला. माझे दोन हजार त्या जुन्या निकालाच्या सल्ल्यावर गेले, याचा अजूनही राग येतो.

मॅडमनी दुसरी बाजू पण लपवली नाही. हा हक्क राहण्याचा आहे मालकीचा नाही, सासू-सासरे म्हातारे आहेत त्यांना शांतपणे राहू देणं हेही कोर्ट बघतं, आणि कधीकधी त्या घराऐवजी दुसरीकडे भाड्याची सोय करून द्या असाही आदेश होतो. आणि घटस्फोटाचा निकाल लागायच्या आत अर्ज करा, नंतर गुंता वाढतो. कुलूप स्वतः तोडू नका हे तर तीनदा बजावलं, उलटी तक्रार व्हायची.

संरक्षण अधिकाऱ्यांनी (याच कायद्याखाली बायकांच्या मदतीला नेमलेले अधिकारी) रिपोर्ट भरला, मग मॅजिस्ट्रेटकडे अर्ज आणि अंतरिम म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशाची मागणी. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा असं आहे, माझा अंतरिम आदेशच अडीच महिन्यांनी आला. मध्ये वकील बदलल्या, फाइल नव्या मॅडमकडे पोचायलाच दोन तारखा गेल्या आणि मला कोणी फोनही केला नाही. हीच माझी मुख्य तक्रार, ज्या बाईला राहायला माहेर नाही तिने तेवढे दिवस काय करायचं?

आदेशात एक बेडरूम, स्वयंपाकघर आणि बाथरूमचा वापर, नवीन चावी द्यायची, पुन्हा कुलूप बदलायचं नाही, आणि पोलिसांनी मदत करायची. त्याच चौकीतले हवालदार यावेळी सोबत आले. सासूबाईंनी दार उघडलं, काही बोलल्या नाहीत. मुलीचं दुसरं दप्तर सोफ्यामागे होतं, डब्यातली पोळी बुरशी येऊन काळी पडलेली. मी तो डबाच टाकून दिला.

पाचपैकी चार स्टार, एक कापला तो वकील बदलताना न कळवल्याबद्दल. कामाची माहिती खूप नीट मिळाली आणि इथे माझा एक रुपया गेला नाही.

जाताना त्या पत्त्यावर राहत होतात याचा जेवढा पुरावा असेल तेवढा न्या. माझ्याकडे आधार, गॅसचं पुस्तक, मुलीच्या शाळेचा फॉर्म होता आणि सोसायटीच्या वॉचमनच्या रजिस्टरचे फोटो, ते सगळ्यात उपयोगी पडले. झेरॉक्सचे तीन सेट बाहेरूनच काढून न्या, आवारात लांब रांग असते.