अंबडच्या भट्टीसाठी हायड्रोजन अनुदानाचा सल्ला : एका सेवेचे परीक्षण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचे उष्मोपचाराचे लहान युनिट आहे. स्टेनलेस स्टीलचे वॉशर, क्लिप आणि पत्र्याचे बारीक भाग आम्ही जॉबवर्कवर ब्राइट अ‍ॅनीलिंग करून देतो, म्हणजे ते काळे न पडता चकचकीत राहतील अशा रीतीने तापवून मऊ करतो. युरोपीय संघाचा सीमेवरील कार्बन कर ऑक्टोबर २०२३ पासून केवळ उत्सर्जन कळवण्याच्या आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आला. वॉशर आणि बोल्ट या कराच्या यादीत असल्यामुळे आमच्या एका ग्राहकाने आमच्या भट्टीच्या उत्सर्जनाचा हिशेब मागितला आणि सोबत विचारले की सरकार हायड्रोजनसाठी एवढे पैसे देत असताना तुम्ही त्याचा लाभ का घेत नाही. हा प्रश्न घेऊन आम्ही नाशिकमधील एका सल्लागार कार्यालयाकडे गेलो. शुल्क सव्वा लाख रुपये अधिक जीएसटी ठरले आणि सहा आठवड्यांत अहवाल मिळाला. अहवालातील उणिवा आम्ही त्यांना लेखी कळवल्या असून दुरुस्ती चालू आहे, म्हणून कार्यालयाचे नाव येथे देत नाही. मात्र सातपूर, अंबड आणि सिन्नरमधील अनेक उद्योजक सध्या हाच सल्ला विकत घेण्याच्या विचारात आहेत, त्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

या सेवेची सर्वांत चांगली बाजू पहिल्याच दिवशी दिसली. त्यांनी पाठवलेले तरुण अभियंते केबिनमध्ये बसून योजनेची माहितीपत्रके उघडतील अशी माझी अपेक्षा होती. त्याऐवजी ते म्हणाले, "सर, आधी मीटर बघू, योजनेचे नंतर बोलू," आणि थेट अमोनिया क्रॅकरपाशी गेले. आमच्या मेश बेल्ट, म्हणजे जाळीच्या फिरत्या पट्ट्याच्या, भट्टीत स्टील काळे पडू नये म्हणून अमोनिया फोडून मिळणारा वायू सोडला जातो. त्यात आकारमानाने तीन भाग हायड्रोजन आणि एक भाग नायट्रोजन असतो. म्हणजे हायड्रोजन आमच्याकडे अनेक वर्षांपासून वापरात आहे, फक्त त्याला त्या नावाने कोणी हाक मारत नव्हते. भट्टीच्या तोंडाशी त्याच वायूच्या ज्वाळेचा पडदा दिवसभर जळत असतो. अभियंत्यांनी वायूचा प्रवाह दाखवणाऱ्या रोटामीटरवरील गोटी दर पंधरा मिनिटांनी वाचून दोन पाळ्यांची नोंद केली आणि पट्टा रिकामा फिरत असतानाही वायूचा प्रवाह तेवढाच राहतो हे आमच्या फोरमनच्या लक्षात आणून दिले. आम्ही इतकी वर्षे त्या गोटीकडे पाहत होतो, पण ती रिकाम्या पट्ट्याशी जोडून कधी पाहिली नव्हती.

यानंतरचे गणित त्यांनी आमच्यासमोर फळ्यावर मांडले आणि माझ्या मते शुल्काचा मोठा भाग तेथेच वसूल झाला. आम्ही रोज सुमारे १०० किलो अमोनिया वापरतो. त्यातून सुमारे १७.६ किलो हायड्रोजन मिळतो. तेवढा हायड्रोजन पाण्याचे विद्युत अपघटन करून काढायचा तर किलोमागे साधारण ५५ युनिट वीज लागते, म्हणजे रोजची सुमारे ९७० युनिट. आमच्या बिलात सर्व आकार धरून युनिट ९ रुपयांना पडते, त्यामुळे यंत्राची किंमत बाजूला ठेवली तरी केवळ विजेपोटी एका किलोला ४९५ रुपये खर्च येतो. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनमध्ये उत्पादनासाठी दिले जाणारे प्रोत्साहन पहिल्या वर्षी किलोमागे जास्तीत जास्त ५० रुपये, दुसऱ्या वर्षी ४० आणि तिसऱ्या वर्षी ३० रुपये आहे. तेही सेकी या केंद्राच्या सौरऊर्जा महामंडळाच्या निविदेत यशस्वी ठरलेल्या उत्पादकाला मिळते, वापरणाऱ्याला नव्हे. मंत्रिमंडळाने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या १९,७४४ कोटी रुपयांच्या आकड्यावरून मनात जी आशा निर्माण होते, ती या हिशेबापुढे टिकत नाही, आणि हे त्यांनी काम हातचे जाईल याची पर्वा न करता सांगितले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी उत्सर्जनाबद्दल सांगितली. ग्रिडवरील विजेच्या एका युनिटमागे देशात सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून अशा विजेवर काढलेल्या एका किलो हायड्रोजनच्या डोक्यावर ३८ किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड बसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने ठरवलेल्या व्याख्येनुसार हायड्रोजन हरित म्हणवून घेण्यासाठी ही मर्यादा २ किलो आहे. महावितरणच्या साध्या जोडणीवर पाण्याचे अपघटन करणारा इलेक्ट्रोलायझर बसवला असता, तर ग्राहकाला दाखवायचा आकडा आजच्यापेक्षाही वाईट झाला असता. सौर किंवा पवनऊर्जा थेट उत्पादकाकडून, म्हणजे ओपन अ‍ॅक्सेसने आणली तरच हा मार्ग अर्थपूर्ण ठरतो आणि तेथे जुलै २०२३ मध्ये मंजूर झालेले राज्याचे ८,५६२ कोटी रुपयांचे हरित हायड्रोजन धोरण उपयोगी पडते, कारण त्यात पारेषण व वहन आकारात आणि विद्युत शुल्कात सवलती आहेत. मला स्वतःला या सवलती थेट अनुदानापेक्षा जास्त मोलाच्या वाटतात. आमच्यासारख्यांचा खरा खर्च विजेचाच आहे.

भट्टी तापवण्यासाठी आम्ही वायूचे बर्नर वापरतो. तेथे हायड्रोजन जाळावा का, या प्रश्नावर त्यांनी स्पष्ट नकार दिला: ५५ युनिट वीज खर्चून मिळालेल्या एका किलो हायड्रोजनमधून सुमारे ३३ युनिट उष्णता मिळते, म्हणून ती वीज थेट हीटरला देणेच शहाणपणाचे. पोलाद कारखान्यांची गोष्ट वेगळी आहे. लोहखनिजातील प्राणवायू काढून घेण्याचे काम तेथे कोळसा करतो. ते काम हायड्रोजनने केले तर कार्बन डायऑक्साइडऐवजी पाण्याची वाफ तयार होते. पोलाद क्षेत्रातील पथदर्शी प्रकल्पांसाठी २०२९-३० पर्यंत ठेवलेले ४५५ कोटी रुपये याच प्रयोगांसाठी आहेत. नाशिकच्या वसाहतींत बहुतेक ठिकाणी स्टील तयार होऊन येते आणि आपण ते ठोकतो, वळवतो, तापवतो. त्या निधीच्या दारात आपण उभे राहणे चुकीचे आहे, हे त्यांनी नेमकेपणाने लिहून दिले.

मौखिक सल्ला इतका चांगला असताना लेखी अहवाल मात्र त्या दर्जाचा नव्हता. पाण्याविषयीच्या पानावर समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या यंत्रणेचा खर्च धरलेला होता. हे पान किनाऱ्यावरील एखाद्या प्रकल्पाच्या अहवालातून जसेच्या तसे आले होते हे उघड आहे. वास्तविक एका किलो हायड्रोजनसाठी रासायनिक हिशेबाने ९ लिटर शुद्ध पाणी लागते, म्हणजे आमची रोजची गरज १६० लिटरच्या आसपास, २०० लिटरच्या एका पिंपाहूनही कमी. शुद्धीकरणात वाया जाणारे पाणी धरले तरी एमआयडीसीच्या नळावर आणि एका आरओ संचावर ते भागते. सव्वा लाख रुपये घेणाऱ्या कार्यालयाने अंबड आणि समुद्र यांतील अंतर विसरावे, याचे मला खरोखर वाईट वाटले.

सुरक्षिततेचा भाग त्याहून गंभीर आहे. हवेत ४ ते ७५ टक्के एवढ्या विस्तृत प्रमाणात हायड्रोजन पेट घेऊ शकतो आणि त्याची ज्वाळा दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. असे असताना त्यांच्या नकाशात सिलिंडरचा साठा शेजारच्या युनिटच्या सामाईक भिंतीला लागून दाखवला होता. त्या भिंतीपलीकडे वेल्डिंगचे काम चालते. पेसो या केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्थेच्या परवान्याचा उल्लेख एका ओळीत होता. सुरक्षित अंतर, वायुवीजन, गळतीचा संवेदक, कामगारांचे प्रशिक्षण यांपैकी काहीही नव्हते. ही उणीव मी क्षम्य मानत नाही, कारण अनुदानाचा आकडा चुकला तर पैसे जातात आणि भिंत चुकली तर माणसे जातात.

हरित हायड्रोजनपासून बनवलेल्या, म्हणजे हरित अमोनियाचा विचार त्यांनी केलाच नाही, याचीही मला खंत आहे. खत कारखान्यांसाठी वर्षाला ७.२४ लाख टन हरित अमोनिया घेण्याकरिता सेकीने २०२५ मध्ये लिलाव सुरू केले आणि पहिल्याच लिलावात पारादीपसाठी किलोला ५५.७५ रुपये दर निघाला. त्यातील हायड्रोजनचा हिशेब किलोला ३१७ रुपयांच्या आसपास येतो. हा दर मोठ्या खरेदीदारासाठी, दीर्घ करारावरचा आहे आणि तो उद्या अंबडमध्ये सिलिंडरवर मिळेल असे मी म्हणत नाही. पण आमचा क्रॅकर, आमची नळी आणि आमचा फोरमन यांपैकी काहीही न बदलता येऊ शकणारा हा एकमेव मार्ग आहे. सरकारी पैसा आमच्यापर्यंत पोहोचला तर तो दुसऱ्याच्या कारखान्यातून, सिलिंडरच्या रूपाने पोहोचेल, आणि त्या बाजूने विचार करणारा सल्ला मला हवा होता.

तरीही ही सेवा घ्यावी का, असे कोणी विचारले तर मी भट्टीवरच्या दोन दिवसांच्या मोजणीसाठी जरूर घ्यावी असे सांगेन. करारात मात्र तीन गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात: अहवालातील प्रत्येक आकडा आपल्या मीटरवरून आलेला असेल, साठ्याचा नकाशा परवान्याचे काम जाणणाऱ्या माणसाने तपासलेला असेल आणि शेवटचा हप्ता दुरुस्तीनंतरच दिला जाईल. आम्ही चाळीस टक्के रक्कम रोखून ठेवली आहे. पाण्याचे पान दुरुस्त होऊन आले, साठ्याचा नवा नकाशा अजून यायचा आहे. दरम्यान रिकाम्या पट्ट्यावर वायू कमी करणारी झडप फोरमनने बसवली असून तिच्या नोंदी तो रोज वहीत लिहितो आहे.